अंकलचा दुसरा 'हो'

आमच्या घरमालकांच्या, म्हणजे अंकलच्या, ट्रम्पेटला तीन बटणं होती. त्यातलं तिसरं, मी मुंबईत यायच्या कितीतरी आधी, अडकून बसलं होतं ते बसलंच. ट्रम्पेट म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांच्या पुढे जो पितळी कर्णा असतो तो. ती तीन बटणं उलटसुलट दाबली की वेगवेगळे सूर निघतात. म्हणजे अंकलच्या ट्रम्पेटात काही सूर नव्हतेच. दुसऱ्या कुणीही ट्रम्पेट दुरुस्तीला टाकला असता. अंकलनी गाणी दुरुस्त केली. जिथं तिसरं बटण लागायचं तिथं ते ट्रम्पेट ओठांपासून लांब धरायचे, डोळे मिटून मान डोलवायचे, आणि तेवढा सूर निघून गेला की पुन्हा सुरू. वरातीतल्या लोकांना वाटायचं, काय स्टाईल आहे म्हाताऱ्याची!

मी एकदा विचारलं, "अंकल, दुरुस्त का करत नाही?"

"कशाला? गाना लोकांना पाठ असतो, बाय. तेवढा सूर ते मनातल्या मनात वाजवतात. मी थांबतो म्हणून त्यांना चान्स मिळतो."

मग त्यांचा भाचा आखातातून सुट्टीवर आला, तो नवा कोरा ट्रम्पेट घेऊनच. तिन्ही बटणं लोण्यासारखी चालणारी. अंकलनी तो अंगणातल्या क्रुसापुढे ठेवला, थँक्यू म्हटलं, रविवारभर वाजवला, आणि सोमवारी आपल्या बँडमधल्या दोन नंबरच्या ट्रम्पेटवाल्याला देऊन टाकला. हा दोन नंबरवाला वर्सोव्याचा कोळी, सकाळी मासळी आणि संध्याकाळी बँड. आंटी, म्हणजे अंकलची बायको, अशी भडकली की गल्लीतली मांजरं उठून गेली.

"अरे, पोरानं तुला दिला ना तो?"

"मना दिला म्हणून तर मी देऊ शकलो. मना दिलाच नसता तर कसा दिला असता?"

यावर आंटीनं भांडी आपटली. आणि दोन नंबरवाला त्या नव्या ट्रम्पेटवर अंकलपेक्षा झकास वाजवायला लागला. मला वाटलं, आता अंकलना वाईट वाटणार. छे! भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "माझ्या बँडात माझ्याहून भारी माणूस आलाय!" जणू ह्यांनाच लॉटरी लागली.

मी जालन्याकडची. आमच्याकडे चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजनं म्हणतात. वडील गेल्यावर आठवीतून माझी शाळा सुटली ती सुटलीच. मावसबहिणीच्या ओळखीनं अंधेरीला आले, एमआयडीसीतल्या एका ऑफिसात पॅन्ट्रीत लागले. चहाचं मशीन, कप, बिस्किटं, मीटिंग झाल्यावर उरलेले सामोसे, हे माझं राज्य. आणि राहायला गावठाणातल्या अंकलच्या घराचा पोटमाळा. चारी बाजूंनी काचेच्या इमारती, मध्ये हा कौलारू घरांचा पुंजका, आणि पुंजक्याच्या मध्ये, अंकलच्याच अंगणात, दगडी चौथऱ्यावर क्रूस. अंकल-आंटी इथले पिढ्यान् पिढ्यांचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे कॅथलिक. घरी बोलतात मराठीच, पण गावठाणाची, आपली आपली.

मी कशी बाई आहे ते आधीच सांगते. मी काळजी करणारी बाई आहे. सिलेंडर बंद केला की नाही ते बघायला मी मेट्रोच्या जिन्यावरून घरापर्यंत परत आलेली आहे. आणि आमच्या पोटमाळ्यावर सिलेंडर नव्हताच. मी आंटीकडे जेवायचे. साहेबानं "चहा छान झालाय" म्हटलं तर मला रात्रभर वाटायचं, म्हणजे काल बरा नव्हता. माझी प्रार्थनाही तशीच. देवापुढे बसले की एकामागून एक अर्ज. मायची तब्येत, भावाची नोकरी, माझी नोकरी, पोटमाळ्याचं कौल, मशीनचा फिल्टर. 'आमेन' म्हणायच्या आत आणखी दोन आठवायचे.

अंकलची प्रार्थना मी पहिल्या आठवड्यात ऐकली आणि मला हसू आवरेना. पहाटे ते बादली घेऊन अंगणात यायचे, आधी क्रूस धुवायचे आणि उरलेल्या पाण्यानं स्कूटर. धुताना शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलणं चालू.

"काय, झोप लागली काय? मना नाय लागली. त्या टॉवरवाल्यांनी कुत्रा आनलाय. तूच बनवलास तो पण, काय बोलणार. बरा, थँक्यू. हाड शाबूत, दात आठ, बायको हाय. बाकी तुला माहीत."

झाली प्रार्थना.

त्या क्रुसाचा त्यांना भारी अभिमान. जेवण घेऊन येणारी डिलिव्हरीची पोरं गल्लीत शिरली की फोनवर एकच वाक्य ऐकू यायचं, "क्रॉस के पास आ गया, अब किधर?" टॉवरमधले जैन, गुजराती, मल्याळी, सगळ्यांचा पत्ता क्रॉसच्या डावीकडे नाहीतर उजवीकडे. अंकल मिशीतल्या मिशीत हसायचे, म्हणजे मिशी नव्हती त्यांना, पण तसेच हसायचे. "बघ. अख्ख्या गल्लीचा पिझ्झा त्याच्या भरवशावर हाय."

माझी एखादी काळजी घेऊन मी खाली उतरले की ते ट्रम्पेट पुसत विचारायचे, "आता, ह्या मिनिटाला, काय कमी हाय?"

"आत्ता काही नाही, पण उद्या जर..."

"उद्याचा नाय विचारला. आता."

मी नीट विचार करायचे. "आत्ता नळाला पाणी नाहीये."

"मग हे सांग ना! ही खरी गोष्ट हाय!" आणि लगेच बादली घेऊन टँकरकडे चालू पडायचे. उपदेश करून बसून राहणारे खूप पाहिलेत मी. हे उपदेश अर्धवट टाकून पाणी भरायला जायचे. मागे आंटी ओरडायची, "अरे कमरेचा पट्टा लाव! मग रातभर माझ्या नावानं कण्हशील!"

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधी आमचा जो उपवासाचा काळ असतो त्यात, कुणी मटण सोडतं, कुणी गोड सोडतं. अंकल जेवणाबद्दल तक्रार करणं सोडायचे. आंटीला हे पक्कं ठाऊक. ते चाळीस दिवस तिचे सुगीचे. डब्याच्या तळाचं जुनं सुकट, मोबाईलवर बघितलेले पदार्थ, गेल्या पावसाळ्यातले बोंबील, सगळं त्या दिवसांत संपवायची. एकदा तिनं दुधी भोपळ्यात चीज घालून काहीतरी केलं. अंकलनी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. आंटी कमरेवर हात ठेवून उभी. "कसा झालाय?"

अंकलनी घास या गालातून त्या गालात फिरवला. खोटं तर बोलायचं नाही, आणि तक्रार तर सोडलेली. शेवटी म्हणाले, "गरम हाय."

आणि लग्नाच्या वाढदिवसाला मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत, ते आंटीला दरवर्षी विचारायचे, "पुढच्या वर्षी पण चालेल काय?" आंटी पदर सावरत म्हणायची, "बघते. विचार करून सांगते." मग दोघं स्कूटरवर बसून जायची. आंटी मागे तिरकी बसलेली, एक हात अंकलच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मटणाची पिशवी.

अंकलचं एक तत्त्व होतं: एकदा 'हो' म्हटलं की हो. गल्लीतल्या कुणालाही, कशालाही. त्यामुळे ते 'हो' म्हणायला फार वेळ घ्यायचे. साधं "अंकल, चहा घेणार?" विचारलं तरी विचारात पडायचे. आंटी म्हणायची, "ह्या माणसानं मला हो म्हणायला दोन पावसाळे लावले. माझा बाप टेकीला आला होता." पण एकदा तोंडातून निघालं की मग ताप असो, पूर असो. अगदी ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या मयतीला वाजवायला हो म्हटलं म्हणून ते मुलुंडपर्यंत गेले, आणि तिथं कळलं की म्हातारा मेलाच नाही, शुद्धीवर आला. अंकलनी विचारलं, "मग काय वाजवू?" आणि म्हाताऱ्याच्या खाटेशी उभं राहून वाढदिवसाचं गाणं वाजवून आले. घरच्यांनी केक आणला होता म्हणे.

आता माझ्या लग्नाचं सांगते, कारण अंकल काय होते ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

मुलगा कुर्ल्याच्या गावठाणातला. लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी अडकले होते, तेव्हाची ओळख. घाबरलेल्या माणसाशी दाराच्या फटीतून बोलत राहायचा त्याला सराव आहे, आणि मला तर रोजच गरज. त्याचे आई-बाप लहानपणीच गेले. वडिलांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यांनी, त्याला वाढवलं. ह्या आत्या म्हणजे ताठ बाई. काळी पर्स मांडीवर, चष्मा नाकावर. मला बघायला आल्या तेव्हा एकच प्रश्न विचारला, "तुझ्याकडचं कोण कोण येणार?"

मी म्हटलं, "माय, भाऊ, चुलते, सगळे."

आणि लग्नाच्या आठवड्यात माय पाण्याच्या टाकीच्या पायरीवरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये. भाऊ तिच्यापाशी थांबला. चुलत्यांनी कळवलं, तुझी मायच नाही तर आम्ही येऊन काय करू. मावसबहिणीचं बाळंतपण त्याच महिन्यात. म्हणजे माझ्या बाजूनं कोणीच नाही. चर्चमध्ये एका बाजूला नवऱ्याकडची माणसं बसतात, दुसऱ्या बाजूला नवरीकडची. मला डोळ्यांपुढे ते रिकामे बाकच दिसायचे. एका मागे एक, पार दारापर्यंत. आणि पलीकडून आत्या चष्म्यावरून बघतायत.

मी अंकलकडे गेले. "अंकल, माझ्या बाजूला कोणीच नाही."

अंकलनी बराच विचार केला. ट्रम्पेट खाली ठेवला, परत उचलला. मग म्हणाले, "मी हाय."

"तुम्ही एकटे."

"मी एकटा कसा? बँड हाय माझ्याकडे. आदल्या दिवशी उंबराचा पाणी पण काढू तुझा. आमच्या पोरींचा काढतो तसा."

उंबराचं पाणी म्हणजे ह्या लोकांची रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या घरची माणसं वाजतगाजत गावठाणाच्या विहिरीवर जातात, फुलं लावलेल्या घड्यांतून पाणी आणतात, आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. ज्याला घर आहे, माणसं आहेत, त्याचं पाणी निघतं. माझं निघणार होतं!

"नक्की ना, अंकल? तुम्ही वाजवणार?"

"हो," अंकल म्हणाले. मला वाटलं आता काळजी संपली. माझी अक्कल बघा.

दोन दिवसांनी बातमी आली की बँडला शूटिंग मिळालंय. अंधेरीतल्याच एका स्टुडिओत वरातीचा सीन, आणि दिवस नेमका माझ्या पाण्याचा. पिक्चरवाल्यांनी सांगितलं, सकाळी या, दोन वाजता सोडतो. पाणी चार वाजता निघणार होतं. अंकलनी त्यांनाही हो म्हटलं. बँडमधल्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे आनंदानं नाचायला लागले. एकटी आंटी म्हणाली, "पिक्चरवाले दोन म्हणतात तेव्हा विचारून घ्यायचं, आजचे की उद्याचे."

त्या दिवशी तीन वाजता आत्या कुर्ल्याहून आल्या. नवऱ्याकडची साडी घेऊन आल्या होत्या. पर्स मांडीवर ठेवून खुर्चीत बसल्या. गल्लीतल्या बायका नटून जमल्या, घड्यांना झेंडू लागले. मी हिरव्या बांगड्या घालून जिन्यात बसलेली. चार वाजले.

"बँड येतोय ना?" आत्यांनी विचारलं.

"येतोय, आत्या."

साडेचार वाजता आत्या म्हणाल्या, "नाय, आमच्याकडे वेळेवर येतो."

मी दोन नंबरवाल्याला फोन लावला. तो कुजबुजत म्हणाला, "बाय, निघतोच हाव, एक शेवटचा..." आणि मागून कोणीतरी बोंबललं, "रोलिंग!" फोन बंद. पुन्हा लावला, बंद. पाच वाजले. गल्लीतल्या एका बाईनं सुचवलं, मोबाईलवर गाणं लावू, स्पीकर आहे माझ्याकडे. आत्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या चष्मा पुसण्यात मी माझं अख्खं सासर पाहिलं.

तिकडे काय झालं ते मला पुढे कपडेवालीनं सांगितलं. कपडेवाली म्हणजे शूटिंगमध्ये ज्या मुलीकडे सगळ्यांचे कपडे सांभाळायचं काम होतं ती. बरेलीहून आलेली, माझ्याच वयाची. दोनचे तीन झाले, तीनचे चार. हिरोचं घोड्याशी पटेना. दर वेळी डायरेक्टर म्हणे, एक आखरी. शेवटी अंकल रांगेतून बाहेर आले आणि सरळ त्याच्या खुर्चीपाशी गेले.

"सर, मी तुम्हाला दोनपर्यंत हो बोललो होतो. तो हो संपला. आता माझा दुसरा हो चालू झालाय."

डायरेक्टरला काही कळेना. "मतलब?"

"मतलब, एका पोरीचा पाणी काढायचा हाय. काढून परत येतो. दोनच्या पुढचं राहिलेलं पण करून देतो, ते मी माझ्या मर्जीनं हो बोलतो. तोपर्यंत तुम्ही घोड्याशी बोला."

आणि वळून त्यांनी हात वर केला. अख्खा बँड मागे चालू पडला.

मी जिन्यात बसलेली. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून छताकडे बघतेय. आणि गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला.

देवा! काय ती माणसं! जांभळे मखमली कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, डोक्यावर गुलाबी फेटे आणि फेट्यांवर हातभर पिसं. ढोलवाला घाटकोपरचा, एरवी अंगानं काडी, त्याच्या कोटात आणखी एक माणूस मावला असता. आणि सगळ्यांना मिशा! गालापर्यंत वळवलेल्या, काळ्याभोर, गोंदानं चिकटवलेल्या. पुढे अंकल, सगळ्यात मोठी मिशी त्यांना. आणि सगळ्यांच्या मागे ती कपडेवाली, हातात सेफ्टीपिनांचा डबा, धावत, रडवेली, ओरडतेय, "अंकल, मूंछ को हाथ मत लगाना! मूंछ रिटर्न करनी है!"

गल्लीतली पोरं किंचाळली. कुत्रे भुंकले. टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघायला लागली. आंटीनं कपाळावर हात मारला. "मेल्या, लग्न तिचं हाय, तू कशाला राजा होऊन आलास?"

"टाइम नव्हता उतरवायला!"

मी त्या कपडेवालीकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. ती मिशा मोजत होती, एक कमी पडली तर नोकरी गेली असं स्वतःला सांगत होती. मला काही विचारायची गरज नव्हती. आरशात बघितल्यासारखं झालं. मी जिन्यातून उतरले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "मेरे साइड से कोई नहीं है. मेरा घडा पकडेगी?"

"मैं? पर मेरे को तो कुछ आता नहीं."

"मुझे भी नहीं आता."

तिनं सेफ्टीपिनांचा डबा पर्समध्ये टाकला आणि घडा घेतला.

वाजतगाजत निघालो. अंकल जिथं सूर नाही तिथं मान डोलवत होते, आणि पिसंही डोलत होती. आत्या माझ्या मागे, पर्स काखेत, चेहरा तसाच.

विहीर गावठाणाच्या टोकाला. दोर सोडायच्या आधी अंकल कठड्यावर वाकले. हा त्यांचा नेम होता. जी माणसं आता नाहीत त्यांनाही लग्न कळायला पाहिजे, म्हणून ते विहिरीत तोंड घालून एक लांब सूर वाजवायचे. गाल फुगवले, डोळे मिटले, सगळा जीव ओतून फुंकले. विहीर घुमली. आणि फुगलेल्या गालावरून मिशी सुटली.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. गिरक्या घेत, अगदी सावकाश, ती खाली गेली आणि पाण्यावर पसरून तरंगत राहिली. कपडेवालीनं अशी किंकाळी फोडली की विहिरीनं ती दोनदा परत दिली.

"काढतो, काढतो!" दोन नंबरवाल्यानं घडा सोडला. कोळीच तो. पाण्यातलं काहीही त्याच्या हातून सुटत नाही. दोन हेलकावे दिले, घडा तिरका केला, आणि वर ओढला. वर आला तो माझ्या आंघोळीच्या पाण्याचा घडा, काठोकाठ भरलेला, झेंडूची माळ घातलेला, आणि त्यात मिशी.

तेवढ्यात आत्या पुढे आल्या.

त्यांनी घड्यात हात घातला. मिशी दोन बोटांत धरून वर उचलली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. चष्म्याच्या वरून एकदा मिशीकडे, एकदा अंकलकडे बघितलं.

"ही कुणाची?"

"माझी नाय," अंकल उघड्या ओठावर हात धरून म्हणाले. "पिक्चरवाल्यांची."

लग्न मोडलं, मी मनात म्हटलं. मिशीपायी मोडलं. मायला काय सांगू?

आत्या अजून मिशीकडेच बघत होत्या. त्यांनी ती तळहातावर ठेवली, बोटानं तिची टोकं वर वळवली. आणि त्यांच्या तोंडून असा आवाज आला की मला आधी कळेना, हुंदका आहे की काय. आत्या हसत होत्या. हसताहसता कठड्यावर बसल्या, पर्स खाली पडली, चष्मा घसरला.

"माझ्या भावाची अशीच होती," त्या म्हणाल्या. "सेम. लग्नकार्यात न बोलावता पुढे पुढे करायची सवय होती मेल्याला. स्वतःच्या पोराच्या लग्नाला बरा राहील घरी?"

अंकलनी हळूच क्रुसाची खूण केली. "मी आवाज दिला होता," ते म्हणाले. "तो आला."

"ह्याच पाण्यानं आंघोळ घाला तिला," आत्या म्हणाल्या. "दुसरं काढू नका."

"आंटी, वो मूंछ..." कपडेवाली आत्यांना म्हणाली.

"थांब गं जरा. बघू दे."

त्या पाण्यानं मी न्हाले. बाहेर बँड वाजत होता, बायका गात होत्या, आणि पडद्यापलीकडे कपडेवाली हेअर ड्रायरनं मिशी वाळवत होती. मग अंकल सगळा बँड घेऊन परत स्टुडिओत गेले आणि राहिलेलं शूटिंग पुरं करून आले. मिशी आखडली होती, एक बाजू वर आणि एक खाली. पुढे तो पिक्चर आला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. बँड कुठे दिसलाच नाही. घोडा दिसला, हिरो दिसला, आणि कोपऱ्यात क्षणभर एक जांभळं कोपर. अंकल थेटरात उभे राहून ओरडले, "कोपर माझा हाय!" आणि पिक्चरभर खूश.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी लग्न.

चर्चच्या दारात मी अंकलचा हात धरून उभी होते. अंकलनी त्यांचा जुना काळा सूट घातला होता. माझी नजर खाली. बाकांकडे बघायचा धीरच नव्हता.

"घाबरलीस?"

"हो, अंकल."

"बरा हाय. घाबरत चालला तरी माणूस पोचतोच. चल."

मी वर बघितलं. माझ्या बाजूचे पुढचे बाक भरलेले होते. ढोलवाला त्याच्या आईला, बायकोला, दोन पोरींना घेऊन आला होता, पांढऱ्या साड्यांत, निळ्या काठांच्या. दोन नंबरवाला वर्सोव्याच्या निम्म्या गल्लीला घेऊन आलेला, बायकांच्या अंबाड्यांत अबोली. टॉवरमधला मल्याळी. माझ्या ऑफिसमधला सिक्युरिटीवाला. कपडेवाली पहिल्याच बाकावर, अंगावर पिक्चरमधल्या हिरॉइनचा लेहेंगा, परत करायचा असणार नक्की. तिच्या हातात फोन होता, आणि फोनमध्ये जालन्याहून माय, प्लास्टरचा पाय उशीवर, डोळ्यांना पदर. पण मागचे काही बाक मात्र रिकामे होते. माझं मन बघा, भरलेले सोडून रिकामेच मोजायला लागलं.

पलीकडच्या पहिल्या बाकावर आत्या बसल्या होत्या, मुलाकडच्या, मानाच्या जागेवर. आम्ही त्यांच्याजवळून पुढे जात होतो. तेवढ्यात त्यांनी पर्स उचलली, उभ्या राहिल्या, मधली वाट ओलांडली आणि माझ्या बाजूला येऊन मागच्या रिकाम्या बाकावर बसल्या. त्या उठल्या म्हणून त्यांच्या जावा उठल्या, जावांच्या मागे सुना, सुनांच्या मागे पोरं. कुर्ल्याचं अर्धं गावठाण वाट ओलांडून माझ्याकडे आलं.

फादर थांबून बघत राहिले. आत्यांनी चष्मा नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिकडे पंखा लागत नाय."

तिकडचा पंखा गरगर फिरत होता.